शाळेच्या पडवीतलं संगीत नाटक

श्रोतेहो, आज आपल्याशी दूरदर्शनवरच्या संगीत नाटकांविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत. आकाशवाणीच्या खोलीत बसून दूरदर्शनच्या गोष्टी सांगणं म्हणजे थोरल्या भावाच्या ओसरीवर बसून धाकट्याचं कौतुक करण्यासारखं आहे. परंतु थोरल्यानं ते मनावर घ्यायचं कारण नाही. 1976 सालापर्यंत दोघांचं बिऱ्हाड एकच होतं. दूरदर्शन हे आकाशवाणीचंच एक अंग होतं. शिवाय मला जे सांगायचं आहे, त्याची सुरुवात रेडिओपासून, किंबहुना रेडिओच्याही आधीच्या फोनोपासूनच होते.

मी मास्तर. सातारा जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात माझी बरीचशी नोकरी झाली. त्या गावात नाटक नव्हतं असं नाही. जत्रेच्या दुसऱ्या रात्री पोरं नाटक बसवीत, पडदे भाड्यानं आणीत, आणि राजाच्या दरबारात गॅसबत्ती विझली तर प्रधानच उठून पंप मारी. हौसेला तोटा नव्हता. तमाशाचा फडही येऊन जायचा. पण संगीत नाटक, म्हणजे बोलता बोलता पात्र थांबतं, ऑर्गनचा सूर लागतो आणि ते पद म्हणू लागतं, असं नाटक आमच्याकडं फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यासाठी पुण्याला जायला हवं. एस.टी.नं शंभर-सव्वाशे किलोमीटर जायचं, तिकीट काढायचं, आणि नाटक सुटेपर्यंत परतीची शेवटची गाडी निघून गेलेली असायची. मग उरलेली रात्र स्टँडवरच्या बाकावर. एका नाटकापायी एवढा खटाटोप करणारा माणूस गावात मी एकटाच, आणि मीदेखील तो उभ्या नोकरीत दोनदाच केला.

नाट्यपदं मात्र गावात होती. ती आणली होती तात्यांनी.

तात्या आमच्या भजनी मंडळाचे प्रमुख. लहानपणी ते ज्या वाड्यावर कामाला होते तिथं फोनो होता. चावी द्यायची, सुई बदलायची, तबकडी पुसून ठेवायची, हे त्यांचं काम. तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावायचं. तेवढ्यात बसेल ते पद. आधी कोण काय बोललं, नंतर काय झालं, पद कोण म्हणतंय, कुणाला उद्देशून म्हणतंय, ह्यातलं काही त्या तबकडीवर नसे. तात्यांनी अशी वीस-पंचवीस पदं कानानं उचलली, पेटीवर बसवली. पुढं रेडिओ आल्यावर त्यांत आणखी भर पडली. त्यांतलं एक पद त्यांच्या विशेष आवडीचं. ‘सौभद्र’ नाटकातलं, सुभद्रेच्या तोंडचं. ह्या संकटात मी आता आधार कुणाचा घ्यावा, असा त्याचा भाव. तात्या ते एकादशीच्या भजनात म्हणत. डोळे मिटून म्हणत, आणि पखवाजवाला ठेका असा धरी की ऐकणाऱ्यानं त्याला अभंगच समजावं. आम्ही समजतही होतो. मला नाटक वाचून माहीत होतं, तरी मीदेखील त्या घटकेपुरता ते विसरत असे.

मुंबईचं दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळं ते कार्यक्रम पुण्याला दिसू लागले. पण आमचं गाव पडलं डोंगराच्या कुशीत. तिथं चित्र पोचायला आणखी दहा-बारा वर्षं गेली. ग्रामपंचायतीचा संच आला तो शाळेच्या पडवीत बसवला. त्याला लाकडी पेटी, पेटीला कुलूप, आणि किल्ली अर्थातच मास्तरांकडं. अँटेना कौलांवर. कार्यक्रमाच्या वेळी एक पोरगं वर चढवावं लागे.

“आलं का?”

“मुंग्या हायत!”

“आता?”

“आलं, आलं... गेलं! जरा पुण्याकडं फिरीव!”

असा संवाद रोज संध्याकाळी चाले. वीज गेली, तर ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडायची. काळ्या-पांढऱ्या लहान संचांना ते चालत असे. आणि अधूनमधून केंद्राकडूनच व्यत्ययाबद्दल क्षमा मागणारी पाटी लागली, की बायामाणसं तेवढ्यात घरची चूल बघून येत.

अशा त्या संचावर एका संध्याकाळी ‘सौभद्र’ दाखवणार असल्याचं मला वर्तमानपत्रात दिसलं. मी चार दिवस आधीपासून गावात सांगत सुटलो. मुलांना वर्गात गोष्ट सांगितली. बलरामाला आपली बहीण सुभद्रा दुर्योधनाला द्यायची आहे, तिचं मन अर्जुनावर आहे, आणि श्रीकृष्ण वरून साळसूद राहून आतून सूत्रं हलवतो आहे. अर्जुन यतीचा वेष घेऊन बलरामाच्याच घरी राहतो आणि त्याची सेवा करायला सुभद्रेचीच नेमणूक होते, हे ऐकून मुलं आधीच खूश झाली. नाट्यगृहात खेळ सुरू होण्याआधी तीन घंटा होतात, हे मी त्यांना सांगितलं होतं. त्यामुळं एका पोरानं विचारलं, “गुरुजी, आपल्याला घंटा नको का?” शाळेची घंटा म्हणजे रुळाचा टांगलेला तुकडा. त्या दिवशी तो तीनदा वाजला. तिसऱ्या टोल्याला पडवीत साठ-सत्तर माणूस मांडी ठोकून बसलं होतं. पुरुष एका अंगाला, बायका एका अंगाला, पोरं पुढं. दिवा मालवला.

सुरुवातीला कुजबूज होती. मग सुभद्रेचं ते पद आलं. तात्यांनी पहिल्या सुरालाच ओळखलं. ते ताठ बसले, मांडीवर बोटं धरली, ओठ हलायला लागले. पडद्यावर सुभद्रा होती. मग कॅमेरा सरकला आणि तिच्या शेजारची सखी दिसली. सखी ऐकत होती. काही बोलत नव्हती, गात नव्हती. नुसती ऐकत होती, आणि आपल्याला ह्यातलं काहीही करता येणार नाही हे तिच्या तोंडावर दिसत होतं. पुन्हा सुभद्रा. तात्यांचे ओठ थांबले.

तेवढ्यात बायकांच्या अंगाकडून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, “आन् पोरीला कुणी इचारलं का न्हाई?”

सगळी पडवी हसली. तात्या हसले नाहीत. त्या उन्हाळ्यात त्यांच्या घरी नातीची सोयरीक जुळत होती. मुलगी माझी विद्यार्थिनी, दहावी होऊन तिला दोन वर्षं झालेली. ती त्याच बायकांत बसली होती, आणि तिच्या मनात काय आहे ते गावाला ठाऊक होतं, घरात कुणी बोलत नव्हतं.

नाटक संपल्यावर मी पेटीला कुलूप लावीत होतो. तात्या मागं थांबले. म्हणाले, “गुरुजी, ही बाई देवाला म्हणत न्हाई हे. मैतरणीला म्हणती.”

मी म्हटलं, “होय.”

“चाळीस वर्सं मी हे देवाला म्हणतोय.”

सोयरिकीचं पुढं काय झालं ते मी सांगणार नाही. ते त्यांच्या घरचं आहे. पण तात्यांचं ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं, आणि आजचं हे बोलणं त्या वाक्यापायीच आहे.

आता बघा, पद कोण कुणाला म्हणतं, हा प्रश्न आपल्या रंगभूमीला काही नवा नाही. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केलं. तो दिवस 5 नोव्हेंबरचा. म्हणून ह्या दिवशी आपण मराठी रंगभूमी दिन पाळतो. भाव्यांच्या खेळांत गाण्याचं काम सूत्रधाराकडं असे. सीतेचं दुःख असो की रावणाचा राग असो, पद म्हणणार सूत्रधार, आणि पात्रं त्याला धरून आपापली भाषणं करणार. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्याला ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा त्यांनी जो मोठा बदल केला तो हा, की पद सूत्रधाराच्या तोंडून काढून पात्राच्या तोंडी दिलं. शकुंतलेचं पद शकुंतलेनं म्हणायचं, दुष्यंताचं दुष्यंतानं. ‘शाकुंतला’त दोनशेच्या आसपास पदं होती म्हणतात; माणसांनी ती रात्र रात्र बसून ऐकली. ‘सौभद्र’ 1882 सालचं. म्हणजे पदाला मालक मिळाला तो तेव्हा.

आणि मग फोनोनं तो पुन्हा काढून घेतला. ह्यात फोनोचा दोष नाही. त्यानं बालगंधर्वांचा आणि मास्टर दीनानाथांचा गळा अशा गावांत पोचवला, की जिथं नाटक मंडळीची बैलगाडीदेखील कधी गेली नसती. त्याबद्दल त्याला नमस्कारच केला पाहिजे. रेडिओनं त्याहून अधिक केलं. रेडिओनं अखखं नाटक ऐकवलं, गद्यासकट, पात्रांसकट. पण रेडिओवर एक पात्र गात असताना दुसरं काय करतंय हे ऐकू येत नाही. गाणारा असतो, ऐकणारा गप्प असतो, आणि रेडिओवर गप्प माणूस म्हणजे नसलेला माणूस. आकाशवाणीनं मला इथं बोलावलं आहे, तरी हे खरं ते सांगितलं पाहिजे.

दूरदर्शननं संगीत नाटकाला काय दिलं असं मला कुणी विचारलं, तर मी म्हणेन, ऐकणाऱ्याचा चेहरा दिला. गाणं ऐकण्यासाठी रेडिओ बरा. संचाचा आवाज तर त्या काळी पिपाणीसारखा येत असे. देखावे, शालू, दागिने बघायचे म्हटले तर आमच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर सगळे शालू एकाच रंगाचे. भारतात दूरदर्शनला रंग आला तो 1982 साली, आणि आमच्या पडवीत त्याच्याही नंतर पुष्कळ वर्षांनी. पण जवळून दिसणारा चेहरा, आणि तोही पद ऐकणाऱ्याचा, हा नाट्यगृहातल्या शेवटच्या रांगेत बसणाऱ्यालादेखील मिळत नाही. मी पुण्याला दोनदा गेलो तेव्हा शेवटच्या रांगेतच बसलो होतो, म्हणून अनुभवानं सांगतो.

देवलांचं ‘संशयकल्लोळ’ घ्या. त्यातला सारा गोंधळ एका तसबिरीवरून होतो. रस्त्यात रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो, ते त्याच्या बायकोला, कृत्तिकेला, लांबून दिसतं. रेवतीजवळची अश्विनशेटची तसबीर तिथं पडते, ती कृत्तिकेच्या हाती लागते; आणि ती परपुरुषाची तसबीर बघते आहे हे फाल्गुनराव बघतो. दोघंही एकमेकांवर संशय घ्यायला मोकळी! आता ही तसबीर तळहाताएवढी. नाट्यगृहात ती पहिल्या चार रांगांना दिसते, बाकीच्यांनी मनानं समजून घ्यायची. पडद्यावर ती तुमच्या नाकासमोर येते, आणि तिच्यामागून फाल्गुनरावाचे डोळे. आमच्या पडवीत पोरं त्या डोळ्यांना इतकी हसली, की पुढची दोन वाक्यं वाहून गेली.

किंवा ‘कट्यार काळजात घुसली’. दारव्हेकरांचं नाटक, 1967 साली आलं. खाँसाहेबांचं काम वसंतराव देशपांड्यांनी केलं आणि संगीत जितेंद्र अभिषेकींचं. त्यातल्या गाण्यांचं कौतुक मी वेगळं काय करू? पण ते नाटक बघताना गाणाऱ्याकडं जेवढं बघाल तेवढंच ऐकणाऱ्याकडं बघा. एक गवई दुसऱ्या गवयाचं गाणं ऐकतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर मत्सर आणि दाद दोन्ही कशी भांडतात, हेच तर ते नाटक आहे. खाँसाहेब ऐकताना दिसत नसतील, तर उरते ती मैफल. मैफल उत्तम असेल, पण ती नाटक नव्हे.

इथं कॅमेरा चालवणाऱ्याचं काम येतं, आणि ते काम सोपं नाही. नाटकासमोर यंत्र ठेवलं आणि चालू केलं, की झालं, असं पुष्कळांना वाटतं. तसं करून पाहिलेलं आहे. बालगंधर्वांचं ‘अमृतसिद्धी’ हे नाटक; त्यावर 1937 साली ‘साध्वी मीराबाई’ हा बोलपट निघाला, आणि तो बहुतांशी रंगमंचावरचा प्रयोगच होता. गंधर्वांचं स्त्रीरूप पडद्यावर यावं अशी लोकांना केवढी उत्सुकता होती! तरी तो बोलपट चालला नाही. रंगमंचावर जे पंचवीस हातांवरून बघायचं, ते तसंच्या तसं पडद्यावर ठेवलं की निर्जीव वाटतं. दूरदर्शनवाले म्हणून दोन-तीन कॅमेरे लावतात. एक सबंध रंगमंच धरून असतो, एक गाणाऱ्यावर, एक इकडंतिकडं फिरता. आत बसलेला निर्माता क्षणाक्षणाला ठरवतो, की आता लोकांना काय दाखवायचं. म्हणजे नाट्यगृहात ज्याची त्याची मान जे काम करते, ते इथं एकच माणूस सगळ्या महाराष्ट्रातर्फे करतो. त्याला नाटक समजलेलं असेल तर सखीचा चेहरा दिसतो. समजलेलं नसेल तर सुभद्रा गाते आहे तोवर तीच दिसत राहते, आणि फार तर अधूनमधून तबल्यावरची बोटं. मी दोन्ही प्रकारची प्रक्षेपणं पाहिली आहेत.

दुसरी एक अडचण. पूर्वी पुष्कळशी नाटकं केंद्राच्या स्टुडिओत चित्रित होत. तिथं समोर प्रेक्षक नसतो. विनोद होतो आणि हशा येत नाही. पद रंगतं आणि वन्समोअर येत नाही. संगीत नाटकाचा नट तर वन्समोअरवर वाढलेला! त्याला आपलं पद पोचलं की नाही हे कळायचं कसं? तो वाक्य टाकून क्षणभर थांबतो, ती हशाची जागा असते, आणि तिथं नुसती शांतता. पाहणाऱ्याला वाटतं, नट अडखळला. ह्याउलट नाट्यगृहात जाऊन, प्रेक्षकांसकट टिपलेला प्रयोग असेल, तर त्याला आपोआप जीव येतो.

ही गोष्ट इतर देशांतही लोकांनी ओळखली. लंडनहून बी.बी.सी.नं 1938 साली थेट नाट्यगृहातून एक सबंध नाटक दाखवलं. तेव्हा संच असलेली घरं ती किती असणार! अमेरिकेत लोकांच्या वर्गणीवर चालणारी सार्वजनिक दूरचित्रवाणी आहे; 2025 सालापर्यंत तिला केंद्र सरकारचं अनुदानही मिळत असे. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे भागातली संगीत नाटकं तिथल्या तिकिटांच्या भावामुळं आणि अंतरामुळं खेड्यापाड्यातल्या अमेरिकन माणसालाही दुर्लभच. ह्या दूरचित्रवाणीनं त्यांतली काही घरोघर नेली. ‘इनटू द वूड्स’ नावाचं एक संगीत नाटक आहे, स्टीफन साँडहाइम ह्यांच्या संगीताचं. आजीबाईच्या गोष्टींतली सगळी पात्रं एका रानात गोळा होतात, आणि ‘मग ती सुखानं नांदू लागली’ ह्या वाक्याच्या पुढं काय झालं, ते दुसऱ्या अंकात दाखवलं आहे. मूळ नटसंचाचा तो प्रयोग प्रेक्षकांसमोर 1989 साली टिपला आणि 1991 साली दाखवला. त्यात लोक हसतात, टाळ्या देतात, ते ऐकू येतं. ऐकताना आपणही त्यांतलेच एक होतो. भाषा परकी, सूर परके, तरी मला ते बघताना आमची पडवी आठवली.

कारण आमच्या पडवीनं नेमकं तेच केलं होतं. स्टुडिओत जो प्रेक्षक नव्हता तो आमच्या गावानं पुरवला. ‘पोरीला कुणी इचारलं का’ हे वाक्य किर्लोस्करांनी लिहिलेलं नाही. पण ते त्या नाटकात कुठं बसतं हे त्या बाईला बरोबर कळलं.

माझे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाकडचे श्रोते हे ऐकून हसत असतील. बरोबर आहे. त्यांच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव नाटकं सुरू होतात, ती रात्रभर चालतात, त्यांत गाणं असतं, आणि शेजारच्या गावांतून माणसं गाड्या भरून येतात. त्यांना पेटीतलं नाटक हवंच कशाला! ज्यांच्या दारी जिवंत नाटक येतं त्यांनी ते सोडून पडद्यापुढं बसू नये, हे सांगायला नको. मी बोलतोय ते ज्यांच्या दारी येत नाही त्यांच्याविषयी, आणि अशी गावं थोडी नाहीत.

आता आजची गोष्ट. ग्रामपंचायतीचा संच केव्हाच मोडीत गेला. मुंबई दूरदर्शनची मराठी वाहिनी सह्याद्री नावानं चालते. दूरदर्शनच्या जुन्या ठेव्यातली काही नाटकं आता यूट्यूबवर बघायला मिळतात. म्हणजे ज्यासाठी मी वर्तमानपत्र चाळत बसायचो, ते आज पोरांच्या खिशात आहे. आणि बघतात काय? माझ्या नातवाला मी विचारलं, “‘कट्यार’ पाहिलंस का?” म्हणाला, “हो आजोबा.” खोदून विचारलं, तर त्यातली तीन गाणी पाहिली होती, चार-चार मिनिटांची, मोबाइलवर, कानात गोळे घालून. गाणी त्याला पाठ आहेत, सूरही बरा आहे. मी विचारलं, “हे कोण कुणाला म्हणतं रे?” त्याला सांगता आलं नाही.

म्हणजे फिरून आपण वाड्यावरच्या फोनोपाशीच आलो की! तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची होती, हे यंत्राचं बंधन होतं. आता बंधन कुठलंही नाही. पुरं नाटक हाताशी आहे, आणि आपण आपल्या हातानं त्याच्या तबकड्या पाडतो आहोत.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझं सांगणं आहे. आज पुष्कळ शाळांत प्रोजेक्टर आहे, निदान एक बरा संच आहे. वर्षातून एकदा त्यावर एक सबंध नाटक दाखवा. उतारा नव्हे, गाणी नव्हेत. पाठ्यपुस्तकात नाट्यप्रवेश असतो, तो मुलं उभ्या उभ्या वाचतात, ‘बलराम डॅश’ असंसुद्धा वाचतात. त्यानं नाटक कळत नाही. मुलं एका बैठकीत दमतील असं वाटलं, तर दोन संध्याकाळी करा, पण अंक मध्ये तोडू नका. गोष्ट आधी सांगून टाका. काही शिक्षकांना वाटतं, गोष्ट आधी कळली तर मजा जाईल. उलट आहे. ‘सौभद्र’ पाहायला जाणाऱ्या आपल्या पणज्यांना सुभद्रा अखेर कुणाला मिळते हे महाभारतापासून ठाऊक होतं. गोष्ट ठाऊक असली, की मन पदाकडं आणि चेहऱ्यांकडं लागतं.

जुनं नाटक निवडताना मी ‘शारदा’चं नाव प्रथम घेईन. देवलांचं, 1899 सालचं. पैशाच्या लोभानं बाप आपली कोवळी मुलगी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो, ती गोष्ट. बालविवाहाविरुद्धचा 1929 सालचा कायदा ‘सारडा कायदा’ म्हणून ओळखला जातो, तो हरबिलास सारडा ह्यांच्या नावावरून. पण आमच्याकडं कित्येकांनी तो ‘शारदा कायदा’ केला आणि नाटकाशी जोडून दिला. चूक खरी, पण लोकांनी ती कुठल्या भावनेनं केली हे ओळखू येतं. ‘शारदा’ मुलींच्या शाळेत दाखवलंत, तर पुढच्या तासाला व्याकरण घ्यायचा बेत ठेवू नका. मुली बोलू लागतील. बोलू द्या.

जुनी भाषा मुलांना कळत नाही, अशी तक्रार येते. खरी आहे. नाटकातल्या संस्कृत शब्दांपुढं मोठी माणसंही बिचकतात. त्यावर उपाय म्हणून शिक्षक मध्येच नाटक थांबवून अर्थ सांगतात, हे मात्र माझ्या मते वाईट. पद चालू असताना तर मुळीच बोलू नये. आधी दोन दिवस फळ्यावर दहा शब्द लिहून ठेवा, तेवढे पुरतात. बाकीचं चेहऱ्यावरून कळतं. आमच्या पडवीतल्या त्या बाईला कुठला संस्कृत शब्द येत होता?

आणि एकट्या मुलांना दाखवू नका. गावातली चार जाणती माणसं बोलवा, बाया तर आवर्जून बोलवा. संगीत नाटक वर्गात बसून शांतपणे बघायची वस्तू नाही. कुणी ‘वाहवा’ म्हणालं, कुणी बलरामावर चिडलं, तर चालू द्या. एखाद्या पदाला पोरांनी वन्समोअर दिला, तर पडदा मागं घेऊन ते पद पुन्हा लावा. ही एक सोय आमच्या वेळी नव्हती, आणि बालगंधर्वांच्या प्रेक्षकांनाही ह्याहून अधिक काही मिळत नव्हतं. फक्त पद संपल्यावर मुलांना एकच विचारा, की हे कुणी कुणाला म्हटलं, आणि ऐकणाऱ्याचं तोंड तेव्हा कसं झालं होतं. परीक्षेसारखं विचारू नका. घरी जाताना, चपला घालता घालता विचारा.

तात्या आता नाहीत. त्या संध्याकाळनंतरच्या एकादशीला मी मुद्दाम देवळात गेलो होतो. त्यांनी ते पद सोडलं नाही, म्हटलं. पण डोळे उघडे ठेवून म्हटलं, आणि पेटीवरून मान वळवून बायकांच्या अंगाला बघत म्हटलं. पखवाजवाल्याचा ठेका त्या दिवशी दोनदा चुकला.

येत्या 5 नोव्हेंबरला तुमच्या शाळेत एखादं नाटक लावणार असाल, तर आवाजाची सोय आधी बघून ठेवा. संचाचा आवाज मागच्या मुलांना पुरत नाही, शाळेच्या स्पीकरला जोडून घ्या. पडवी असेल तर पडवीतच करा, वर्गखोलीत उकाडा होतो. आणि घंटा विसरू नका. तीनदा द्या, मध्ये जरा अवकाश ठेवून. तिसरीनंतर दिवे मालवा, आणि त्यानंतर आलेल्याला, मग तो सरपंच का असेना, मागंच बसवा.